बुडविले कोणी आणि भरले कोणी?

एकाच कंपनीचे दोन भागधारक डोळ्यांपुढे आणावे. एकाने तिचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात घेतले; दुसऱ्याने आपल्या गावच्या दलालामार्फत मुंबईच्या बाजारात घेतले. दोघांनीही एकाच ताळेबंदावर भिस्त ठेवली, एकाच हिशेबतपासनिसाच्या सहीवर विश्वास टाकला, आणि एकाच लबाडीने दोघांचेही पैसे एका दिवसात बुडाले. न्यूयॉर्कच्या भागधारकाने तेथील न्यायालयात फिर्याद लावली आणि तीन वर्षांच्या आत त्याच्या वर्गास भरपाई मंजूर झाली. मुंबईच्या भागधारकाने येथे दाद मागितली, त्यास कवडीही मिळाली नाही. एवढ्यावरच गोष्ट संपती तर ज्याचे त्याचे नशीब म्हणून आम्ही गप्प बसलो असतो. परंतु न्यूयॉर्कच्या भागधारकास मिळालेल्या भरपाईचा मोठा हिस्सा आला कोठून? कंपनीच्या तिजोरीतून. आणि त्या तिजोरीचा धनी कोण? तर हाच मुंबईचा नागवलेला भागधारक! ज्याचे बुडाले त्यानेच दुसऱ्याचे भरून द्यावे, असा हा अजब न्याय आहे.

ही कल्पित कथा नव्हे. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर कंपनीची ही हकीकत आहे. तिला पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटल्यामुळे आमच्या वाचकांपैकी कित्येकांस तिचा विसर पडला असेल. पण बुडत्या कंपनीच्या चालकांवर भागधारकांनी फिर्याद करावी की नाही, केल्यास कोणावर व कशी, या प्रश्नाची किल्ली तिच्यात असल्यामुळे ती जरा विस्ताराने सांगणे जरूर आहे. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळास पत्र लिहून आपल्याच तोंडाने कबुली दिली की, ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोकड व बँकेतील शिल्लक म्हणून जे ५,३६१ कोटी रुपये दाखविले आहेत त्यांपैकी ५,०४० कोटी मुळात अस्तित्वातच नाहीत. शिवाय ३७६ कोटींचे व्याज खोटेच जमेस धरलेले. १,२३० कोटींचे देणे दडविलेले. येणे ४९० कोटींनी फुगविलेले. त्या तिमाहीचा धंद्यातील नफा ६४९ कोटी म्हणून छापला होता, खरा होता ६१ कोटी! वाघावर स्वार झालो, आता उतरावे कसे हे कळेना, अशा अर्थाचा दाखलाही त्या पत्रात त्यांनी दिला होता. दाखला समर्पक खरा. फक्त वाघाने खाल्ले ते स्वारास नव्हे, रस्त्याने जाणाऱ्या वाटसरूंस. आदल्या दिवशी सुमारे १७९ रुपयांस विकला जाणारा शेअर त्या दिवशी ४० रुपयांच्या खाली गेला.

आमच्या बाजारपेठेतील लहानशा पेढीचा मुनीमदेखील रात्री कीर्द मिटविण्यापूर्वी गल्ल्यातील रोकड मोजून पाहतो. येथे पाच हजार कोटींची रोकड वर्षानुवर्षे नुसती कागदावर वाढत होती आणि जगप्रसिद्ध हिशेबतपासनीस पेढीची सही तिच्याखाली पडत होती. संचालक मंडळात नामांकित विद्वान होते, सरकारी नोकरीत उच्च पद भूषविलेले गृहस्थ होते. एवढेच काय, लबाडी उघडकीस येण्यापूर्वी अवघे चार महिने कंपनीस उत्तम कारभाराबद्दल 'सुवर्ण मयूर' म्हणून पारितोषिकही मिळाले होते. ते मागाहून परत घ्यावे लागले. राजू घराण्याचा स्वतःचा हिस्सा तोवर दहा टक्क्यांच्याही खाली उतरला होता. म्हणजे नव्वद टक्के पैसा परक्यांचा आणि कारभार मात्र घरचा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १६ डिसेंबर २००८ रोजी याच संचालक मंडळाने राजू घराण्याच्या दोन कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलर देऊन विकत घेण्याचा ठराव मंजूर केला होता. बातमी फुटताच बड्या गुंतवणूकदारांनी असा काही गिल्ला केला, आणि न्यूयॉर्कच्या बाजारात शेअरचा भाव असा कोसळला, की काही तासांतच ठराव मागे घेणे भाग पडले. भागधारक एकवटून बोलले तर संचालकांस ऐकावे लागते, हे त्या दिवशी दिसून आले. मात्र बोलले ते बडे; लहान भागधारकास ती बातमी दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात वाचावयास मिळाली.

सरकारने पुढे जे केले त्याची तारीफच केली पाहिजे. दोन दिवसांत जुने संचालक मंडळ बरखास्त झाले, नवे नेमले गेले, आणि एप्रिल २००९ मध्ये शेअरमागे ५८ रुपये या दराने महिंद्र घराण्याच्या कंपनीने तिचा ताबा घेतला. सुमारे पन्नास हजार नोकरांची अन्नास मोताद होण्याची पाळी टळली. फौजदारी खटलाही चालला. एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या खास न्यायालयाने राजू बंधूंसह दहा जणांस सात वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा व दंड ठोठावला, आणि अपील दाखल होऊन महिना उलटतो न उलटतो तोच आरोपी जामिनावर बाहेर आले. हे सर्व झाले. परंतु शिक्षेने भागधारकाचा पैसा परत येत नाही आणि दंडाची रक्कम सरकारी खजिन्यात जाते.

पैसा परत मिळविण्याच्या बाबतीत काय घडले ते पाहा. अमेरिकेतील कायद्याप्रमाणे एका भागधारकास आपल्यासारख्या सर्वांच्या वतीने फिर्याद लावता येते. वकिलाचा खर्च अगोदर कोणी द्यावा लागत नाही. वकील आपला मेहनताना मिळालेल्या भरपाईतून घेतो. तेथे अशा फिर्यादी झाल्या, आणि २०११ साली कंपनीने १२ कोटी ५० लक्ष डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साडेपाचशे कोटींच्या वर रुपये, व हिशेबतपासनीस पेढीने २ कोटी ५५ लक्ष डॉलर देऊन तडजोड केली. लंडनमध्ये काही परदेशी फंडांनी दावा केला होता. २०१२ अखेर त्यांसही ६ कोटी ८० लक्ष डॉलर देऊन तो मिटविण्यात आला. इकडे आपल्या देशात तीन लाखांवर भागधारकांच्या वतीने एका गुंतवणूकदार संघटनेने सुमारे पाच हजार कोटी रुपयांच्या भरपाईसाठी राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे धाव घेतली. तेथे ती फिर्याद उभी राहिली नाही, आणि ऑगस्ट २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीत हात घालण्याचे नाकारले. राहिली दिवाणी कोर्टाची वाट. शंभर शेअर धरणाऱ्या सोलापूरच्या किंवा साताऱ्याच्या पेन्शनराने हैदराबादच्या कोर्टात जावे, दाव्याच्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट-फी भरावी, वकील द्यावा, आणि त्याच्या नातवाने हुकूमनामा घ्यावा! एकाच नुकसानीबद्दल एकाच कंपनीविरुद्ध तक्रार असता परकीयास दाद मिळते आणि स्वदेशीयास मिळत नाही, ही गोष्ट स्वराज्यात राहणाऱ्या माणसास लाजिरवाणी वाटली पाहिजे. आम्हांस तरी वाटते.

असे का व्हावे याचे मूळ फार जुने आहे. १८४३ साली विलायतेत 'फॉस विरुद्ध हारबॉटल' नावाचा एक मुकदमा झाला. मँचेस्टर येथील एका कंपनीच्या संचालकांनी आपल्याच जमिनी चढ्या भावाने कंपनीच्या गळ्यात मारल्या अशी दोघा भागधारकांची तक्रार होती. न्यायाधीशांनी सांगितले की नुकसान झाले ते कंपनीचे, तेव्हा फिर्याद कंपनीने करावी. एकट्या-दुकट्या भागधारकाचे ते काम नव्हे. या नियमात तथ्य मुळीच नाही असे नाही. हजार भागधारकांनी हजार फिर्यादी केल्या तर कोणताही धंदा चालणार नाही. परंतु कंपनीने फिर्याद करावी की करू नये, हे ठरवावयाचे कोणी? संचालकांनी, अथवा त्यांच्या मुठीत असलेल्या बहुमताने. कुंपणाने शेत खाल्ले तर कुंपणावरची फिर्यादही कुंपणानेच करावी, असा याचा अर्थ होतो. अल्पसंख्य भागधारकांची उघड फसवणूक झाली असेल तर या नियमास अपवाद आहे, असे न्यायालये पुढे म्हणू लागली खरी. पण अपवाद सिद्ध करावयाचा तर कंपनीची कागदपत्रे हवीत, आणि कागदपत्रांची कपाटे कोणाच्या ताब्यात असतात हे सांगावयास नको.

दुसरा दाखला याहून हृदयद्रावक आहे. ऑक्टोबर १८७८ मध्ये स्कॉटलंडातील सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली. तिच्या संचालकांनीही वर्षानुवर्षे खोटे ताळेबंद छापले होते. भागधारक होते १,८१९, त्यांत विधवा, पेन्शनर, दुसऱ्यांच्या ठेवी सांभाळणारे ट्रस्टी. आणि जबाबदारी अमर्याद. शंभर पौंडांच्या भागामागे प्रथम पाचशे आणि मागाहून आणखी सव्वादोन हजार पौंड भरण्याची मागणी झाली. तो जुलूम सोसून ज्यांचे दिवाळे वाजले नाही असे भागधारक अवघे २५४ उरले. संचालकांस शिक्षा झाली ती दोघांस अठरा महिने आणि बाकी पाच जणांस आठ महिने! या बँकेच्या एका भागधारकाने, खोट्या ताळेबंदाने मला भाग घ्यावयास लावले म्हणून बँकेने भरपाई द्यावी, अशी फिर्याद केली. १८८० साली विलायतेच्या सर्वोच्च न्यायपीठाने ती फेटाळली. भागधारक म्हणून कंपनीत राहावयाचे आणि त्याच कंपनीकडून नुकसानभरपाई मागावयाची, या दोन गोष्टी एकत्र होऊ शकत नाहीत, असे त्यांचे म्हणणे.

आमच्यासारख्या वकिली पेशातील माणसांनी हा निवाडा निर्दय म्हणून नेहमी नावाजला आहे, आणि तो निर्दय आहेही. तथापि त्यात एक कण सत्याचा आहे, तो फेकून देऊ नये. कंपनीच्या तिजोरीतून एका भागधारकास भरपाई देणे म्हणजे त्याच्या सोबत्यांच्या खिशात हात घालणेच होय. सत्यमच्या प्रकरणात हेच घडले. तेव्हा चूक भागधारकाने फिर्याद करण्यात नाही. प्रतिवादी निवडण्यात आहे. ज्यांनी खोटे लिहिले, ज्यांनी डोळे मिटून त्यावर सही केली, ज्यांनी हिशेब तपासल्याचा मोबदला घेऊन तपासले नाहीत, त्यांच्या खाजगी मालमत्तेतून भरपाई वसूल झाली पाहिजे. कंपनी ही लुटलेली इस्टेट आहे, लुटारू नव्हे.

आमच्या जुन्या धर्मशास्त्रास हा भेद चांगला कळत होता. अविभक्त कुटुंबातील कर्ता हा संचालकासारखाच दुसऱ्याच्या पैशाचा कारभारी. त्याने कुटुंबाची गरज नसता वडिलार्जित जमीन विकली तर घरातील कोणाही समाईकदारास तो व्यवहार रद्द करून मागता येतो. तो अज्ञान असला तरी त्याच्या वतीने दुसऱ्यास दावा लावता येतो. त्याने आधी घरातील बहुमत गोळा करून आणावे असे कोणतेही कोर्ट म्हणत नाही. आणि बापाचे ऋण फेडणे हे मुलाचे पवित्र कर्तव्य मानणाऱ्या त्या शास्त्रानेही जुगारासारख्या दुराचारासाठी केलेले, म्हणजे 'अव्यावहारिक', ऋण मुलाच्या डोक्यावर लादले नाही. पोटच्या मुलास जी सूट आहे ती भागधारकास नसावी काय?

शेअरबाजाराचा चटका महाराष्ट्रास नवा नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला आणि १८६४-६५ साली शहरात नव्या कंपन्यांचे पेव फुटले. बॅकबे भरणीच्या कंपनीचा पाच हजार भरलेला शेअर पन्नास हजारांच्या वर गेला. एप्रिल १८६५ मध्ये तिकडील युद्ध संपले, आणि १ जुलै रोजी वायद्याच्या सौद्यांची मुदत भरताच सगळा डोलारा कोसळला. १८६३ च्या कायद्याने शेअरच्या तारणावर कर्ज देण्याची मुभा मिळालेली जुनी बँक ऑफ बॉम्बे त्यातच खचली; १८६८ साली ती गुंडाळावी लागली आणि सरकारास चौकशी-कमिशन नेमावे लागले. पुढे स्वदेशीच्या लाटेत आमच्या लोकांनी मोठ्या उमेदीने बँका काढल्या. त्यांतील मुंबईची इंडियन स्पेशी बँक १९०६ साली निघाली आणि चांदीच्या सट्ट्यापायी १९१३ साली बुडाली. अशा प्रत्येक आपत्तीत एक गोष्ट सारखीच घडली. मध्यम वर्गाने कंपनीच्या कागदाची धास्ती घेतली आणि तो पुन्हा सोन्याकडे व जमिनीकडे वळला. स्वदेशी उद्योगास भांडवल मिळत नाही म्हणून ओरड करणाऱ्यांनी या धास्तीचे कारण संचालकांच्या खोलीत शोधावे.

आता कायदा सुधारला आहे, असे आम्हांस सांगण्यात येते. काही अंशी ते खरे आहे. १९५६ च्या कंपनी कायद्यात गैरकारभाराविरुद्ध तक्रारीची सोय होती. पण तीत मुख्यतः पुढचा कारभार सुधारण्यावर भर, झालेली नुकसानी भरून देण्यावर नव्हे. सत्यमच्या धक्क्यानंतर २०१३ च्या कायद्यात २४५ वे कलम घालण्यात आले. त्याअन्वये भागधारकांस अथवा ठेवीदारांस सर्वांच्या वतीने न्यायाधिकरणापुढे एकत्र अर्ज करता येतो, आणि कंपनी, तिचे संचालक, हिशेबतपासनीस व त्यांची पेढी, तसेच सल्लागार यांच्याकडून भरपाई मागता येते. संचालकांचे आणि तपासनिसांचे नाव घेऊन भरपाईची वाट करून दिली हे या कलमाचे मोठेच श्रेय आहे. परंतु कायद्याच्या पुस्तकात दार काढणे निराळे आणि त्या दारातून माणसास आत शिरता येणे निराळे. कलम २०१३ सालचे. ते अमलात आले १ जून २०१६ रोजी. आणि किती टक्के भागांच्या धन्याने अर्ज करावा हा आकडा सरकारने ठरविला मे २०१९ मध्ये! सहा वर्षे नुसती टक्केवारी ठरविण्यात गेली. आज नियम असा आहे की शंभर भागधारक किंवा एकूण संख्येच्या पाच टक्के, यांत जे कमी असेल ते; नाही तर बाजारात नोंदलेल्या कंपनीत दोन टक्के भांडवलाचे धनी. शंभर माणसे म्हणजे फार नव्हेत, असे कोणी म्हणेल. पण नागपूरचा एक, इचलकरंजीचा एक, इंदूरचा एक असे विखुरलेले, एकमेकांचे नावही न ऐकलेले शंभर लोक एका अर्जावर आणावयाचे कोणी? या कलमाखाली आजवर झालेले अर्ज बोटांवर मोजण्याइतकेच आहेत, याचे आम्हांस नवल वाटत नाही.

त्यातही बँकिंग कंपन्यांस हे कलम लागू नाही, असे त्यातच स्पष्ट लिहिले आहे. ज्या संस्थांत लोकांचा पैसा सर्वांत जास्त गुंतलेला, त्यांच्याच कारभाऱ्यांस या दारापासून दूर ठेवले! बँकेवर रिझर्व्ह बँकेची नजर असते, हे त्याचे समर्थन. नजर असते खरी. पण नजर चुकली म्हणून भागधारकास कोणी पैसे दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आणखी, अर्ज खोडसाळ ठरला तर अर्जदाराने एक लाख रुपयांपर्यंत प्रतिपक्षास द्यावे, असा धाकही त्यात आहे. खोडसाळ अर्जास आळा हवा हे आम्हांस मान्य. परंतु लाख रुपये हा संचालकास एका दिवसाचा भत्ता असतो आणि पेन्शनरास वर्षाची बेगमी.

या फिर्यादींविरुद्ध तीन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला, अशा फिर्यादींच्या भयाने चांगली माणसे संचालक होण्यास धजणार नाहीत. धंद्यात अंदाज चुकला, गिरणी तोट्यात गेली, परदेशात माल खपला नाही, एवढ्याने संचालकास कोणी कोर्टात ओढू नये, हे आम्हीही म्हणतो. धंदा म्हटला की नफ्याबरोबर तोटा आलाच. पण तोटा होणे निराळे आणि तोटा झाकणे निराळे. तोटा झाकणाऱ्यावर आणि झाकलेले पाहूनही न पाहणाऱ्यावर फिर्याद होईल या भयाने जे पळून जातील ते खुशाल जावोत. दुसरा आक्षेप, शेअर घेणारा जुगारीच, बुडाला तर त्याने रडू नये. जुगारात पत्ते तरी खरे असतात. खोटा ताळेबंद म्हणजे खुणेचे पत्ते, आणि खुणेच्या पत्त्यांनी खेळणाऱ्याचा कैवार आजवर कोणत्याही अड्ड्यावर कोणी घेतला नाही.

तिसरा आक्षेप मात्र विचार करण्याजोगा आहे. कंपनी आधीच मरणपंथास लागलेली. तिच्यावर फिर्यादींचा भार टाकला तर उरलीसुरली धुगधुगीही जाईल, नोकर रस्त्यावर येतील, धनकोंचे बुडेल. हे अक्षरशः खरे आहे, आणि म्हणूनच कंपनीवर नव्हे तर व्यक्तींवर फिर्याद व्हावी असे आम्ही म्हणतो. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याने हा मुद्दा अधिकच स्पष्ट केला आहे. कंपनी त्या कायद्याच्या कचाट्यात गेली की तिच्यावरील दावे जागच्या जागी थांबतात, आणि अखेर वाटणीची वेळ आली तर भागधारकाचा नंबर सर्वांच्या शेवटी लागतो. मुंबईच्या दिवाण हाउसिंग फायनान्स कंपनीचे २०२१ साली काय झाले? कंपनी दुसऱ्या घराण्याकडे गेली आणि जुन्या भागधारकांच्या शेअरची किंमत शून्य ठरली. धनकोंचा हक्क आधीचा, याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु अशा कंपनीत चालकांनी पैशाची अफरातफर केली असेल तर त्यांच्या जातीच्या मिळकतीवर तरी भागधारकाचा हक्क पोचला पाहिजे. कंपनीवरील दावे थांबले म्हणून संचालकाचा बंगला सुरक्षित राहण्याचे कारण नाही.

येथे विम्याविषयी एक शब्द लिहिणे भाग आहे. मोठ्या कंपन्या आपल्या संचालकांचा जबाबदारीचा विमा उतरवितात आणि त्याचा हप्ता भरतात तो कंपनीच्याच पैशातून. हलगर्जीपणापुरता असा विमा असावयास हरकत नाही. त्यामुळे फिर्यादी भागधारकास निदान काही तरी वसूल करता येते. पण लबाडी शाबीत झाल्यावरही वकिलाची फी आणि तडजोडीची रक्कम याच पिशवीतून जाऊ लागली, तर मग फिरून तेच. भागधारकाच्या पैशाने भागधारकाशीच भांडावयाचे, आणि हरल्यास त्याच्याच पैशाने त्यास गप्प करावयाचे.

सेबीने सत्यमच्या सूत्रधारांकडून गैरमार्गाने मिळविलेला नफा ओढून घेण्याचा हुकूम २०१४ साली केला. आकडा होता १,८४९ कोटी रुपये, वर व्याज. त्यावर अपिले झाली, हुकूम परत आले, पुन्हा निघाले. नोव्हेंबर २०२३ च्या हुकुमात तो आकडा ६२४ कोटींवर आला. लबाडी २००९ ची आणि हिशेब चौदा वर्षांनी! ज्याने त्या वेळी पन्नाशीत शेअर घेतले तो आता सत्तरीच्या घरात गेला. न्याय मिळाला तर तो त्यास मिळणार की त्याच्या वारसास, एवढाच प्रश्न उरला आहे.

भागधारकांसही दोन शब्द ऐकविले पाहिजेत. वार्षिक सभेस जावयाचे ते पूर्वी चहा-फराळासाठी, आणि आता घरबसल्या मत देण्याची सोय झाली तरी ते कोणी देत नाही. अहवाल येतो तो न उघडता रद्दीत जातो. हिशेबतपासनिसाच्या अभिप्रायात 'परंतु' हा शब्द कोठे आला आहे एवढे जरी प्रत्येकाने शोधले तरी पुष्कळ अनर्थ टळतील. २४५ व्या कलमान्वये संघटनेसही भागधारकांच्या वतीने अर्ज करता येतो. मुंबईत १९७५ पासून ग्राहक पंचायत काम करते आहे. ग्राहकाने एकट्याने लढू नये हे तिने लोकांस शिकविले. तशी भागधारकांची पंचायत पुण्यास, कोल्हापुरास, नागपुरास का निघू नये? आमच्या व्यापारी पेठांतून पेढीच्या पतीची बातमी वाऱ्याच्या वेगाने फिरते. तीच सावधगिरी कंपनीच्या कागदास लावावयास कोणाची परवानगी लागत नाही.

राहिला प्रश्न खर्चाचा, आणि तेथे सरकारास उत्तर द्यावे लागेल. सात वर्षे कोणी न मागितलेला लाभांश कंपन्यांकडून सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जमा होतो. २०१३ च्या कायद्याच्या १२५ व्या कलमात असे लिहिले आहे की, २४५ व्या कलमाखालील फिर्यादीचा खर्च न्यायाधिकरणाने मंजूर केल्यास या निधीतून परत द्यावा. परत द्यावा, आधी नव्हे! म्हणजे पेन्शनराने प्रथम पदरचे लाखो रुपये घालावे, वर्षानुवर्षे खेटे घालावे, आणि मग परतीची वाट पाहावी. आमची मागणी एवढीच आहे की अर्ज प्रथमदर्शनी दखलपात्र ठरताच त्याचा खर्च या निधीतून आगाऊ मिळावा, भरपाई वसूल झाल्यावर तो निधीत परत घ्यावा, बँकांचा अपवाद काढून टाकावा, आणि लबाडी शाबीत झाल्यास भरपाईचा पहिला बोजा संचालकांच्या व तपासनिसांच्या खाजगी मिळकतीवर बसवावा. यासाठी सरकारी खजिन्यातून एक पैही मागण्याची आम्हांस गरज नाही. तो निधी भागधारकांच्याच न उचललेल्या लाभांशाचा आहे.